शेजारच्या बाकावरचे हास्य

राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिराच्या निमित्ताने डिसेंबरच्या अखेरीस मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी सात दिवस राहण्याचा योग आला. दिवसा श्रमदान, सायंकाळी बौद्धिक आणि रात्री शाळेच्या ओसरीवर गप्पा, असा परिपाठ होता. चौथ्या दिवशीचे बौद्धिक माझ्याकडे होते आणि विषय होता हास्यरस. भरताने सांगितलेले आत्मस्थ आणि परस्थ हे हास्याचे दोन प्रकार, स्मितापासून अतिहसितापर्यंतचे त्याचे सहा भेद आणि शेवटी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव, अशी माझी मांडणी होती. व्याख्यानभर कोणीही हसले नाही. रात्री द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, हे बघा. सात-आठ मिनिटांचंच आहे."

ते 'तोनारी नो सेकी-कुन' होते. मोरिशिगे ताकुमा यांच्या चित्रकथेवरून केलेली ही ॲनिमे मालिका 2014 च्या जानेवारी ते मे या काळात जपानी दूरचित्रवाणीवर प्रसारित झाली. तिचे भाग अवघे 21. निर्मिती शिन-एई या संस्थेची, म्हणजे ज्यांचे 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' हिंदी बोलत आपल्याही घरांत शिरले त्यांचीच. ॲनिमेशी माझी ओळख तेवढीच, आणि तीही मुलांना जेवताना दूरचित्रवाणी बंद करायला सांगण्यापुरती. त्यामुळे मी काहीशा उपकारबुद्धीनेच पाहू लागलो, हे मान्य केले पाहिजे.

शीर्षकातच श्लेष आहे. 'सेकी' हे मुलाचे आडनाव. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या जपानी शब्दाचा अर्थ 'बसण्याची जागा'. शेजारचा सेकी आणि शेजारची जागा, दोन्ही एकाच नावात. हा सेकी वर्गात मागच्या रांगेत बसतो आणि तास चालू असताना बाकावर आपला उद्योग मांडतो. पहिल्याच भागात तो खोडरबरांची लांबलचक साखळी उभी करतो, एक पडला की सारे ओळीने कोसळावेत अशी. तो जवळजवळ बोलतच नाही. बोलते ती शेजारची योकोई, आणि तेही मनातल्या मनात. अभ्यासाकडे लक्ष द्यायचे असा तिचा निश्चय असतो. पण नजर वळते, मन गुंतते आणि शेवटी बोलणी बहुधा तिलाच बसतात. सेकी मात्र नामानिराळा राहतो.

पहिला ग्रह असा झाला की, हा एकाच विनोदाचा साचा आहे. काही भागांनंतर शेवटाचा अंदाज येऊ लागतो. मुलाने करावे आणि मुलीने पाहावे, ही विभागणीही मला खटकली. हे दोन्ही आक्षेप अजून कायम आहेत. तरीही मोबाइल परत द्यावासा वाटेना. भरताच्या व्याख्येत स्वतः हसणारा आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसविणारा परस्थ. सेकी हसत नाही, कोणाला हसविण्याचा त्याचा हेतूही नाही. हास्य घडते ते पाहणारीच्या चित्तात. चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो आणि त्याला जे कळत नाही ते वाचकाला कळते. योकोई ही निवेदक असली तरी प्रकृतीने वाचक आहे. सेकी जपानी बुद्धिबळाच्या सोंगट्या हलवतो आणि ती त्यांत राजाशी झालेला विश्वासघात वाचते. त्याच्या खेळण्यातल्या यंत्रमानवांचे ती एक कुटुंब मानते आणि त्यांच्यासाठी तिचा जीव कासावीस होतो. संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो, हे इझरचे प्रतिपादन मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते कोणी इतक्या जिवाच्या ओढीने करताना मी पाहिले नव्हते. हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असे बर्गसाँने 1900 मध्ये मांडले. येथे हृदय बधिर होत नाही, म्हणूनच हसू येते.

पाहता पाहता मला माझाच एक तास आठवला. विनोदी कथा शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून हातांनी काहीतरी करीत होता. शेजारची मुलगी एकदम हसली. मी तिला वर्गाबाहेर काढले. जो करीत होता तो सुटला, जी हसली तिला शिक्षा झाली, आणि तीही विनोदाच्या तासाला. ती पुढे नियमित येत राहिली. पण माझ्या तासाला ती पुन्हा हसल्याचे मला स्मरत नाही. मालिकेतल्या शिक्षकांना पाहून ओसरीवरची मुले खिदळत होती. त्यांत मला सामील होता येईना.

"कसं वाटलं, सर?" तिने विचारले.

"रचना चांगली आहे," मी म्हणालो. तिचा चेहरा जरासा पडला. समीक्षकाचे उत्तर होते ते. पाहणाऱ्याचे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हुतात्मा स्मारकाकडे जाणारी वाट साफ केली. 2 जानेवारी 1943 रोजी याच सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या दिवसासाठी आता लोक जमणार होते. रस्त्यावरून एकसंध वाटणारा डोंगर जवळ गेल्यावर उलगडला: खाली माची, तिच्यावर सरळ उठलेला बालेकिल्ला. मुले काम करता करता एकमेकांना काहीतरी दाखवीत होती, हसत होती. मी जवळ जाऊन विचारले, "काय आहे? मलाही दाखवा." क्षणभर सगळी गप्प झाली.

त्या तासाला शेवटच्या बाकावर काय चालले होते, हे मी कधी विचारलेच नव्हते.