पत्ता

आमच्या धंद्यात 'पत्ता' या शब्दाचे दोन अर्थ होतात. मराठीत पत्ता म्हणजे घर, गल्ली, पिनकोड. पण भिवंडीत कल्याण रोडला मेडिकल चालवायचं म्हटलं की निम्मं बोलणं हिंदीत, आणि तिथे पत्ता म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप. "सेठ, एक पत्ता दे दो." त्यातही अख्खा पत्ता मागणारे थोडेच. कात्रीने कापून चार गोळ्या द्यायच्या, नाहीतर दोन. कापताना एक्स्पायरीची तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, हे मी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. तीस वर्षं असे पत्ते कापतोय. दुसऱ्या पत्त्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

आधी माझं जुनं मत सांगतो. ते मी माईक हातात घेऊन मांडलेलं आहे, त्यामुळे आता नाकारता येत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली. डॉक्टर, लॅब आणि हॉस्पिटलांना टीबीचा पेशंट कळवणं २०१२ पासूनच बंधनकारक होतं, आता औषध विकणाऱ्या केमिस्टनेही कळवायचं. नाही कळवलं तर तेव्हाच्या भादंविची कलमं २६९ आणि २७०. त्यावर आम्हा दुकानदारांची बैठक झाली, आणि मी उठून म्हणालो, "आम्ही व्यापारी आहोत, सरकारचे खबरी नाही. औषध मिळत नाही अशी भिवंडीत एकाची तरी तक्रार आहे का? इथे रिक्षा स्टँडपेक्षा मेडिकल जास्त आहेत." टाळ्या पडल्या. घरी जाऊन बायकोलाही ते वाक्य ऐकवलं.

हे मी नुसतं टाळ्यांसाठी बोललो नव्हतो. मला ते मनापासून पटलेलं होतं. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला काय लागतं? दहा चौरस मीटर जागा, फ्रिज, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आणि कागदपत्रं. या जागी दुकानाची गरज आहे का, हे १९४० च्या कायद्यात आणि १९४५ च्या नियमांत कोणी विचारत नाही. मला तो या धंद्याचा मोठेपणा वाटायचा. माझी पुतणी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका फार्मसीत आहे. तिने एकदा सांगितलं, "काका, इकडे तसं नाही. कुठल्या भागात किती फार्मसी आहेत, कुठे कमी पडतात, याचा अहवाल स्थानिक आरोग्य मंडळाला दर तीन वर्षांनी काढावाच लागतो. नवीन दुकानाचा अर्ज त्यावर तपासतात." मी हसलो. म्हटलं, बरं झालं मी भिवंडीत जन्मलो. दुकान कुठे टाकायचं हे महापालिकेला विचारत बसलो असतो तर अजून भाड्याच्या टेबलावरच असतो.

शिवाय औषधांचा तुटवडा हा शब्द भिवंडीत हास्यास्पद वाटतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, जिकडे बघावं तिकडे गोदामं, आणि त्यांत कितीतरी औषध कंपन्यांचे डेपो. इथून निघालेला माल राज्यभर जातो. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याने दगड मिळत नाहीत म्हणावं, तसं ते झालं असतं.

आता एका कारागिराबद्दल. बैठकीच्या आधी चारेक महिन्यांपासून तो माझ्याकडे येत होता. शांतीनगरच्या बाजूला एका कारखान्यात लूमवर होता, मूळचा उत्तर प्रदेशचा. केसांत, भुवयांत कापसाचं तूस बसलेलं असायचं. दुकानात शिरताना म्हातारा दिसायचा आणि गमछ्याने तोंड पुसलं की तिशीतला व्हायचा. चिठ्ठी एका खासगी डॉक्टरची. टीबीच्या औषधांची एकत्र गोळी, रोज तीन. एका वेळी तो तीस गोळ्या न्यायचा, म्हणजे दहा दिवसांच्या. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं की या गोळीने लघवी लाल होते, घाबरू नकोस. बारा-बारा तास त्या खडखडाटात उभं राहून लूमवाल्यांना ऐकू कमी येतं. मला इतक्या मोठ्याने ओरडावं लागलं की काउंटरवरच्या दोन बायका वळून त्याच्याकडे बघायला लागल्या. तो लाजून हसला.

एकदा मी विचारलं, अरे, हीच औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, तिकडून का नेत नाहीस? म्हणाला, "वो टाइम पे मैं सोता हूँ सेठ. दिन पाली हो तो लूम पे." मजुरी मीटरवर. सकाळी रांगेत उभं राहिलं की तेवढं कापड बुडालं. मला ते आळशाचं कारण वाटलं.

अधिसूचनेनंतर मी टीबीच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. फॉर्म नको, रजिस्टर नको, कोणी विचारायला यायला नको. हा निर्णय मला त्या वेळी फार हुशारीचा वाटला होता. ओळखीच्या दोघा-तिघांना मी ती युक्ती शिकवलीसुद्धा. कायदा मोडला नाही, फॉर्मही भरला नाही.

एप्रिलमध्ये तो आला. मी म्हटलं, "नहीं रखते अब. आगे देख लो." तो थोडा वेळ उभा राहिला. पुढे म्हणजे कुठे, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मागे गिऱ्हाईक थांबलं होतं.

पावसाळ्यात तो ज्या बिसीत, म्हणजे कारागिरांच्या खानावळीत, जेवायचा ती चालवणारी बाई जुलाबाची पावडर न्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, तो गावी गेला, थुंकीतून रक्त पडत होतं. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मी त्याच्यासाठी एक फॉर्म भरला असता तर त्याला गोळ्या फुकट मिळाल्या असत्या, आणि त्याच एप्रिलपासून सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये खात्यावर आले असते. मी ज्याला खबरीचा कागद म्हणत होतो तो त्याच्या दुधा-अंड्यांचा कागद होता.

त्याला शोधावं म्हणून रजिस्टर काढलं. टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये येतात. मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. माझी वही चोख होती. इन्स्पेक्टरने पाहिली असती तर पाठ थोपटली असती. डॉक्टरचं नाव, डॉक्टरचा पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या. पेशंटचा पत्ता मात्र नव्हता, कारण त्या वहीला तो लागतच नाही. तो रकाना ज्या फॉर्ममध्ये होता, तो भरायला मी भर बैठकीत नकार दिला होता.

तरीही माझं मत बदललं असं म्हणता येणार नाही. अपराधी वाटलं, ते वेगळं. माणूस अपराधी वाटून घेतो आणि मत तसंच ठेवतो. सोयीचं असतं ते.

२०२० मध्ये ते मत पहिल्यांदा जरा हललं. कोविडच्या लाटेत हॉस्पिटलचं नाव काढलं की लोक घरात लपत होते, आणि शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची मोफत सोय झाली तर तिथे मात्र येत होते. सिलिंडर तोच, हवा तीच. फरक एवढाच की ते त्यांच्या गल्लीत होतं आणि दारावर ओळखीचं माणूस होतं. मी हे पाहिलं आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसलो.

मग २०२२ चा गोवर आला. मुंबईत गोवंडी, तिकडे मालेगाव आणि इकडे आमची भिवंडी. मुलं दगावली. नोव्हेंबरमध्ये महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर दुकानात आल्या. व्हिटॅमिन ए आणि गोवर लसीच्या जादा डोसाची मोहीम चालू होती. मला वाटलं बॅनर लावायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "काका, गेल्या महिन्यात तापाची पातळ औषधं जास्त खपली का हो?" मी कॉम्प्युटर उघडला. ऑक्टोबरमध्ये पॅरासिटामॉल सिरपची ऑर्डर मी एरवीपेक्षा एकदा जास्तीची दिली होती. सीझन चांगला चाललाय, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात आला होता. "कुठल्या भागात गेली?" त्यांनी विचारलं. मी बिलं उलटत राहिलो. नावाच्या जागी सगळीकडे एकच शब्द: कॅश.

सिस्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हॉस्पिटलला कळायच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं. फक्त तुम्ही सांगत नाही, आणि आम्ही विचारत नाही." पिशवीतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. आशाताईंनी हाताने काढलेला वस्तीचा नकाशा होता तो. पाण्याची टाकी, अंगणवाडी, मशीद, शाळा, कारखाने, गरोदर बायकांची घरं. त्यात एकही मेडिकल नव्हतं. मी जरा दुखावून विचारलं, आम्ही कुठे आहोत? म्हणाल्या, "तुम्हीच दाखवा की."

मी पेनाने ठिपके देत गेलो आणि हात हळू हळू मंदावला. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाच्या आसपास इतके ठिपके पडले की कागद निळा झाला. नाक्यावर, मेन रोडला, दवाखान्यांना चिकटून. आत, जिथे कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं आलटून पालटून झोपतात, तिथे पेन टेकवायला जागा मिळेना. मेडिकल आजाऱ्याच्या मागे जात नाही, चिठ्ठीच्या मागे जातं. मी स्वतः दुकान घेताना काय पाहिलं होतं? वरच्या मजल्यावर डॉक्टर बसतो की नाही, एवढंच. माझं ते रिक्षा स्टँडचं वाक्य खरंच होतं, आणि तरी त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

भिवंडीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर होती. नागरी आरोग्य अभियानाच्या हिशेबाने साधारण पन्नास हजारांमागे एक आरोग्य केंद्र. हा हिशेब महापालिका करते, तो कागदावर असतो. पण त्याच वस्तीत औषधाचं दुकान कुठे, ते किती वाजता उघडं, तिथे कुठली औषधं ठेवलीच जात नाहीत, हे त्या हिशेबात कोणी धरत नाही. आमचा परवाना एका खात्याकडे, आजार दुसऱ्या खात्याकडे, आणि गिऱ्हाईक रात्रपाळीला.

ब्लड प्रेशरचं बघा. हा आजार दुखत नाही, म्हणून माणूस चक्कर आली की येतो आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या दोन गोळ्या कापून नेतो. मी वर्षानुवर्षं त्या दिल्या. २०१७ च्या शेवटी उच्च रक्तदाबासाठी एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. त्यात काही चमत्कार नव्हता. ठरलेलं साधं औषध, घराजवळ, आणि एका वेळी महिनाभराचं. महिनाभराचं हा शब्द वाचून मी माझ्या कात्रीकडे बघितलं.

आता माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी दुकानदारांच्या पुढच्या बैठकीतही बोललो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. महापालिकेने दर तीन वर्षांनी एकदा आम्हाला समोर बसवून नकाशा पुरा करावा. मेडिकल कुठे आहे, कुठे नाही, रात्री कोण उघडं असतं. सरकारचा 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत चालतो, तसं टीबीचं औषध पाळी सुटायच्या वेळेला एखाद्या दुकानातून का मिळू नये? टीबीच्या गोळ्या समोर उभं राहून घ्यायला लावायच्या त्या डॉट्सच्या काळात पानवाल्यानेही गोळ्या दिल्याची उदाहरणं आहेत, मग आम्ही तर शिकलेले.

पण लेस्टरसारखा परवाना बांधून टाकावा, असं मी म्हणणार नाही. इथे मी जुना तो जुनाच. आपल्याकडे गरज आहे की नाही हे ठरवायचा अधिकार एका टेबलावर गेला की त्या गरजेचाही भाव ठरतो. आणि पुतणी सांगते, तिकडेही अहवाल निघत राहतात आणि दुकानं बंद पडत राहतात. एका सहकाऱ्याने मला विचारलं, उद्या फॉर्मवरची माहिती वापरून तुझ्याच गिऱ्हाइकाला घरमालकाने हाकललं तर? टीबी म्हटलं की खोली जाते, हे मीही पाहिलंय. त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. फॉर्म कोणाच्या हातात जातो हे बघावं लागेल, एवढंच म्हणालो.

दुकानात मी दोन गोष्टी बदलल्या. संध्याकाळी पाळी बदलते तेव्हा काउंटरच्या टोकाला बीपीचं मशीन ठेवतो, पैसे घेत नाही, आकडा जास्त आला तर चिठ्ठीवर लिहून केंद्रात पाठवतो. आणि टीबीच्या गोळ्या पुन्हा ठेवल्यात. फॉर्म भरताना विचारतो, पता क्या है? परवा एकाने बोट वर करून सांगितलं, "आधा पत्ता ही दो सेठ, पूरे का पैसा नहीं है." मला त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं की मी घर विचारतोय. मग तो गोंधळला. घर गोरखपूरचं सांगू की बिसीचं लिहू, म्हणाला. मी दोन्ही लिहिली.

एच-१ ची वही तीन वर्षांनी रद्दीत घालता येते. २०१८ ची मी अजून ठेवली आहे. मार्चच्या पानावर त्याचं नाव आहे, पुढे गोळ्या ३०, आणि डॉक्टरचा पत्ता.