दोन रायफली

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील असे ठरले. दिल्लीतल्या या निर्णयाचा हुलसूरच्या आमच्या घराशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण थोरल्या काकांच्या परवान्यावर नेमक्या तीन होत्या : बारा बोरची दुनळी, ईशापूरची .३१५ रायफल आणि पणजोबांनी निजामाच्या अमदानीत हैदराबादेहून आणलेली जर्मन मौजर. वारशाने आलेल्या शस्त्रालाही सूट नव्हती. वर्षाच्या आत एक जमा करणे भाग होते. दुनळीविषयी काकांनी चर्चाच होऊ दिली नाही. राखणीला तीच, म्हणाले. वाद उरला तो दोन रायफलींचा. एक स्वस्त, एक महाग.

दोन्ही बोल्टच्या. एन. सी. सी. त ज्यांनी .२२ डिलक्स हाताळली आहे त्यांना हा प्रकार ठाऊक आहे : दांडा उचलायचा, मागे ओढायचा, रिकामे टरफल बाहेर पडते, पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाते. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद केली, आणि तेव्हापासून काकांनी जनावरावर बार टाकलेला नाही. माळावरची काळविटे आता निर्धास्त चरतात, हे चांगलेच झाले. पण तरुणपणी त्यांनी दोन्ही रायफली वापरल्या होत्या, म्हणून त्यांच्या मताला वजन.

घरातल्या बहुतेकांचे मत मौजरच्या बाजूने. तिचा अक्रोडाचा दस्ता, ओबर्नडॉर्फच्या कारखान्याचा छाप, हातात घेतली की जाणवणारा तोल! ईशापूरची बिचारी सरकारी कारखान्यातली. लाकूड ओबडधोबड, दांडा ओढताना खरखर. तिचे कूळ मात्र हलके नाही. तो ली साहेबाचा जुना इंग्रजी लष्करी बोल्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना मना केले, तेव्हा त्याच धाटणीच्या रायफलीत ऑस्ट्रियाचे आठ मिलिमीटरचे काडतूस बसवून .३१५ निघाली. सरकारच्या धास्तीतून जन्मलेली रायफल पुढे सरकारच विकू लागले, ही त्यातली गंमत.

मी काकांना विचारले, “काका, खरं सांगा, नेमात फरक किती?”

“साठ पावलांवर काहीच नाही,” काका म्हणाले. “पहिली गोळी दोन्हींची सारखीच. फरक दुसऱ्या गोळीला कळतो रे.”

मग त्यांनी दोन्ही बोल्ट उघडून दाखवले. मौजरच्या बोल्टला एक लांब पोलादी पकड असते. काडतूस पेटीतून वर येते न येते तोच ती त्याच्या बुडाला धरते आणि टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. हात थरथरला, रायफल आडवी झाली, तरी काडतूस निसटत नाही. ईशापूरचा दांडा कमी उचलावा लागतो, त्यामुळे तो झटपट चालतो. पण तिच्या काडतुसाच्या बुडाला कडा आहे. भरताना एकाची कडा दुसरीच्या मागे अडकली की ऐन वेळी सगळे ठप्प. जखमी डुक्कर उसात शिरले असताना हे झाले म्हणजे काय होते, ते काकांनी एकदा पाहिले होते. जनावर तीन दिवस उसात कण्हत होते. जास्तीचा पैसा जातो तो या दुसऱ्या गोळीच्या खात्रीसाठी. बाकी सगळे पॉलिश.

अमेरिकेतही हेच घडले. विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० ही १९३६ ची नावाजलेली रायफल. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तिची हीच पकड काढून टाकली. शिकाऱ्यांनी ओरड केली, आणि ‘चौसष्टपूर्वीची’ रायफल आजही चढ्या भावाने जाते. अलीकडच्या रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस अशा स्वस्त रायफली नेमात महागड्यांच्या फार मागे नाहीत, कारण अचूक नळी आता यंत्रावर कमी खर्चात होते. काटकसर दिसते ती प्लॅस्टिकच्या दस्त्यात, पेटीत आणि बोल्टच्या खरखरीत.

आपल्याकडे मात्र किंमत ठरवणारे गणित निराळेच आहे. परदेशी बंदुकांची आयात १९८० नंतरच्या दशकात बंद झाली, तेव्हा देशात होत्या तेवढ्याच विलायती रायफली फिरत राहिल्या आणि त्यांचे भाव चढले. म्हणजे मौजरच्या किमतीत पोलाद किती आणि दुर्मिळता किती, याचा हिशेब कोणी मांडायचा? बरे, तिचे सात मिलिमीटरचे काडतूस आपले कारखाने करीत नाहीत. .३१५ चे पुण्याजवळ खडकीला होते. काकांच्या पेटीत मौजरची उरली होती नऊ, तीही माझ्या जन्माआधीची. पेटतील की नाही कोण जाणे.

म्हणून मी ईशापूरच्या बाजूने बोललो. धाकटे काका चिडले. “आजोबांची आठवण विकायला निघालात!” म्हणाले. त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, “मामंजींची आठवण काय बंदुकीतच आहे का? निवडणूक लागली की तीसुद्धा ठाण्यात जाऊन पडते, त्या दुसरीच्या शेजारी.” हे खरेच होते. आचारसंहितेच्या काळात दोघी एकाच खोलीत, गळ्यात सारखीच चिठ्ठी अडकवून उभ्या असत.

थोरले काका दोन आठवडे काही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी मौजर पुसत. मग एके सकाळी मला बरोबर घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे गेले. विक्रेत्याने रायफल उजेडात धरून नळीतून पाहिले आणि चांगला भाव सांगितला. काकांनी घासाघीस केली नाही. बोल्ट स्वतःच्या हाताने काढून, पुसून परत बसवला, तेलाची पितळी कुपी दिली, नऊ काडतुसे एकेक करून टेबलावर मोजली, आणि पावतीवर नऊचाच आकडा पडला आहे ना, हे चष्मा लावून दोनदा पाहिले.