पट्टा कुणाच्या कमरेला?

हजला निघालेल्या पुरुषाच्या एहरामला खिसा नसतो. बिनशिवलेल्या दोन चादरी आणि कमरेला पैशांचा पट्टा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. पण पट्टा पुरुषाच्या कमरेला म्हणून घरातल्या बाईचा पैसाही त्याच्याकडेच, हे कोणत्या किताबात लिहिले आहे, ते आम्हाला आजवर कुणी दाखवलेले नाही. मक्केत साधी तसबीह घ्यायची तरी बायकांनी हात पुढे करायचा.

यात्रेकरूंच्या पैशाची काळजी सरकारांनी पूर्वीपासून वाहिली. चांदीचे रियाल जड, म्हणून सौदी अरेबियाने 1953 मध्ये यात्रेकरूंसाठी 10 रियालची कागदी पावती काढली. तिच्यावर उर्दू मजकूरही होता. 1959 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने हजसाठी 10 आणि 100 रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. पुढे हज कमिटी निघताना प्रत्येकाला 2100 रियाल देत असे. 2023 मध्ये ही सक्ती संपली. आता रियाल ज्याचे त्याने घ्यायचे.

आणि जिचे तिनेही. कारण 2018 पासून 45 वर्षांवरील स्त्रिया मेहरमशिवाय गटाने हजला जाऊ लागल्या आहेत. 2023 मध्ये अशा चार हजारांहून अधिक स्त्रियांनी अर्ज केले होते.

आमच्या खालाजान अशाच गटातून गेल्या. स्वतः उल्हासनगरच्या, दोघी अंबरनाथच्या, एक बदलापूरची. खालाजानने जीन्सच्या कारखान्यात वर्षानुवर्षे धागे कापून पैसे साठवले होते. बँकेत रियाल भरलेले कार्ड घ्यायला गेल्या, तर काउंटरवरून उत्तर आले, "मुलाला पाठवा, तुम्हाला जमणार नाही." घरी मुलगा म्हणाला, "अम्मी, मेसेज माझ्या मोबाइलवर येऊ देत, पिनही माझ्याकडेच राहू दे." त्याच्या बोलण्यात प्रेम होते, हे आम्ही नाकारत नाही. खालाजान एवढेच म्हणाल्या, "पैसे माझे, तर नंबर त्याचा कशाला?"

मग शाळा सुटल्यावर आम्ही चौघींना घेऊन बसू लागलो. शिकवताना आमच्याच लक्षात आले की त्यांना पुष्कळ येत होते. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब, हे त्यांना कुराणातल्या आयतींच्या क्रमांकांमुळे पाठ होते. दुकानातली किंमत त्या आमच्याआधी वाचणार होत्या. शिकायचे थोडेच होते. कार्डात ज्या दिवशी रियाल भरले, त्या दिवसाचा भाव कायम राहतो. एटीएममधून प्रत्येक वेळी पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून थोडे थोडे काढू नये. दुकानातले यंत्र "रुपये की रियाल" विचारते तेव्हा रियालच निवडावा, रुपयात बहुधा भाव महाग पडतो. नेहमीचे डेबिट कार्ड न्यायचे तर परदेशातला वापर आधी सुरू करून घ्यावा, कारण ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डे फक्त देशातल्या वापरासाठी मिळतात. टॅक्सी आणि फेरीवाल्यासाठी सुट्या नोटा जवळ असाव्यात. सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवू नये आणि पिन कार्डाच्या पाकिटावर लिहू नये.

चौघी सुखरूप परतल्या. खालाजानच्या कार्डात काही रियाल उरले होते. बँकेत जाऊन ते त्यांनी स्वतः रुपयात करून घेतले आणि मुलासमोर हिशेब मांडला. मागितला नव्हता, तरी मांडला. मुलगा गप्प बसून ऐकत राहिला.

बाईच्या कमाईवर बाईचा हक्क कुराणाने मान्य केला, तेव्हा बँका नव्हत्या. तो हक्क आपण मिंबरावरून अभिमानाने सांगतो आणि घरी येऊन तिचा पिन विचारतो. घरातली बाई हजला निघाली की तिच्या सामानाची यादी करा, दुआ मागा, स्टेशनवर सोडायला जा. कार्ड मात्र तिच्या नावाचे, मोबाइल नंबर तिचा आणि पिन तिच्या मनात राहू द्या.