यरीहोच्या वाटेवरची घाई

जुलै २०२२ मधील एक रविवार. त्या दिवशीच्या उपासनेत संत लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता. पहिली मिस्सा आटोपून मी धर्मग्रामाच्या दुसऱ्या टोकावरील चॅपेलकडे निघालो होतो. पाऊस कोसळत होता आणि दहा मिनिटे उशीर झाला होता. वळणावर बंद दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ भिंतीला डोके टेकून बसले होते. चेहरा ओळखीचा, जुन्या व्यसनाची कहाणीही ठाऊक. ‘रविवारीसुद्धा सकाळीच!’ असे मनाशी म्हणत मी स्कूटर पुढे दामटली आणि शेजारप्रेमावर प्रवचन केले. प्रवचन चांगले झाले, असे लोक म्हणाले.

संध्याकाळी कळले, की त्यांनी चार वर्षांत दारूला स्पर्शही केला नव्हता. मधुमेहामुळे त्यांची साखर एकाएकी उतरली होती. एका भाजीवाल्या बाईने त्यांना गोड चहा पाजला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ती त्यांना ओळखत नव्हती. कदाचित म्हणूनच तिला आजारी माणूस दिसला.

सेमिनरीत मानसशास्त्राच्या तासाला आम्ही एक प्रयोग शिकलो होतो. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन यांनी तो अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर केला व १९७३ साली प्रसिद्ध केला. चाळीस विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठविण्यात आले. काहींचा विषय हाच दाखला होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडला होता. ज्यांना सवड होती, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झाला आहे’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. त्या विद्यार्थ्यांना आम्ही वर्गात मनमुराद हसलो होतो.

माणूस स्वतःच्या चुकीला परिस्थितीची सबब देतो आणि दुसऱ्याची चूक मात्र त्याच्या स्वभावाच्या खात्यावर मांडतो. दुसऱ्याला स्वभावावरूनच तोलण्याच्या या दोषाला ली रॉस यांनी १९७७ साली शास्त्रीय नाव दिले. मी थांबलो नाही, कारण मला उशीर झाला होता. ते पायरीवर बसले होते, कारण ते ‘तसलेच’ होते!

मंगळवारी त्यांच्या घरी गेलो. मी शब्द जुळवत होतो, तोच ते म्हणाले, “फादर, तुम्ही गेलात ते मी पाहिले. मिस्सेची वेळ झाली असेल, म्हणून हाक मारली नाही.” जी सवलत मी त्यांना नाकारली होती, ती त्यांनी मला न मागता दिली होती. मग मला काय वाटले होते, ते मी सांगून टाकले. ते बराच वेळ गप्प राहिले. “असे वाटणारे तुम्ही एकटे नाही, फादर. म्हणून तर मी मागच्या बाकावर बसतो.”

दाखल्यातील याजक व लेवी का थांबले नाहीत, हे प्रभूने सांगितलेले नाही. पूर्वी मी त्यांना प्रवचनात सहज कठोर हृदयाचे ठरवीत असे. आता तसे धाडस होत नाही. चॅपेलमधील मिस्सा मात्र मी पंधरा मिनिटे पुढे ढकलली आहे. काहींनी तक्रार केली. परंतु घाईला उपदेशापेक्षा वेळापत्रकानेच अधिक आवर बसतो, असा माझा अनुभव आहे.

ते गृहस्थ अजून मागच्याच बाकावर बसतात. ते अंतर वेळापत्रक बदलून मिटणारे नाही.