हँडलची उंची

वस्तूने माणसाच्या मापाचे व्हावे, की माणसाने वस्तूच्या? कपडे शिवताना हा प्रश्न उद्भवत नाही. शिंपी आधी टेप लावतो. सायकल मात्र दुकानातून जशी आली तशीच आपण वर्षानुवर्षे चालवितो. सीट तरी कोणी वरखाली करून घेतो. हँडलला पाना लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ही बाब क्षुल्लक नव्हे. मानव विकास कार्यक्रमातून येथील आठवी ते बारावीच्या अनेक गरजू मुलींना सायकली मिळाल्या. सायकलीचे माप एक. मुली मात्र दरवर्षी वाढणाऱ्या. त्यात बालाघाटाच्या माळावरचे चढउतार, आणि जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हाच जोर धरणारा नैर्ऋत्येचा वारा. आमच्या शेजारची एक मुलगी म्हणाली, “काका, शाळेत पोचेस्तोवर बोटांना मुंग्या येतात, पेन धरवत नाही.” घरचे म्हणत होते, सायकल राहू दे. चारपाच किलोमीटरच्या वाटेवर सायकल राहू देणे म्हणजे कित्येकदा शाळाच राहू देणे होय.

हँडल सीटपेक्षा फार खाली असले, की धडाचा भार तळहातांवर येतो, मनगटे वाकतात, बोटांकडे जाणारी नस दाबली जाते आणि मान अवघडते. फार उंच असले, तर सारा भार बैठकीवर पडतो आणि वारा छातीवर आदळतो. म्हणून प्रथम सीट ठरवावी: टाच खालच्या पायडलवर टेकली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग हँडल सीटच्या पातळीस किंवा किंचित वर घ्यावे. कोपरे थोडी वाकलेली राहिली, की माप जमले.

हँडलच्या दांड्याच्या माथ्यावर एक बोल्ट असतो. तो तीनचार फेरे सैल करावा, काढू नये. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलका ठोका दिला, की आतली पाचर सुटते. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल डावीउजवीकडे फिरवीत वर घ्यावे. दांड्यावरील मर्यादेची रेघ मात्र आतच राहिली पाहिजे. नाहीतर उतारावर हँडल हातात येण्याचे भय. सळ्यांचे ब्रेक असतील, तर हँडलबरोबर सळईही ओढली जाते आणि ब्रेक चाकाला घासतो. तेव्हा सळईचा जोड सैल करून नव्याने बसवावा. बोल्ट घट्ट आवळून हँडल हलत नाही याची खात्री करावी.

त्या मुलीचे हँडल आम्ही अवघे दोन बोटे वर घेतले. तिची सायकल अद्याप शाळेच्या वाटेवर आहे. आपल्या अंगणातील सायकलही एकदा तपासावी. परंतु उंची ठरविताना सीटवर, ती रोज चालविते त्या लेकरालाच बसवावे.