नारायणगावची लाल वाळवणं

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले, की चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावे मागे टाकीत सुमारे 75 किलोमीटरवर नारायणगाव येते. मीना नदीकाठचे हे गाव कुणाला शिवनेरीला जाताना चहाला थांबायचे गाव म्हणून ठाऊक असते, तर कुणाला तमाशाचे गाव म्हणून. चैत्रात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. पण मैत्रिणींनो, तुम्ही-आम्ही बायकांनी नारायणगावला जावे ते टोमॅटोच्या बाजारासाठी! 2023 च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा खर्चाची सबबही सांगायला नको.

बाजार म्हणजे काय, नजर पोचेल तिथवर लाल. प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले, मधून हमालांची धावपळ, व्यापारी एखादा टोमॅटो उचलून दाबून बघतो, परत टाकतो. इथे किलोचा भाव कुणी विचारत नाही. ‘क्रेटला काय?’ असे विचारायचे. एका क्रेटमध्ये 20 किलो माल बसतो.

याच भागात, गावाबाहेरच्या मळ्यात, माझ्या थोरल्या वन्सं राहतात. मी दरवर्षी उन्हाळ्यात चार दिवस त्यांच्याकडे जाते. कुरडया-सांडग्यांना हात लावायच्या निमित्ताने माहेरपणही होते (नणंदेच्या घरी माहेरपण, हसू नका, आमचे तसे आहे!). त्यांच्या गच्चीवर पापडांच्या शेजारी टोमॅटोच्या फोडी वाळत असतात. आमच्या आजेसासूबाई टोमॅटोला ‘बेलवांगी’ म्हणत आणि देवाच्या नैवेद्याला चालू देत नसत. त्यांच्या नातीच्या गच्चीवर आता त्याच बेलवांग्यांचे वाळवण!

हे वाळवण हौसेचे नाही, बरं का. 2021 च्या ऑगस्टमध्ये नाशिक-औरंगाबादकडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, ते तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असेल. 2023 च्या मे महिन्यात पुन्हा तेच झाले. तोडणीची मजुरी सुटेना, म्हणून कित्येकांनी उभे पीक सोडून दिले. आणि दोनच महिन्यांनी, जुलैत, शहरात तोच टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला. आपण गृहिणींनी तेव्हा आमटीत चिंच घातली आणि सॅलडात काकडी. वन्संच्या घरी मात्र मेमध्ये वाळवलेल्या दोन बरण्या होत्या.

‘अगं, पिकवायचं आम्ही आणि पडला भाव की ओतायचंही आम्हीच,’ त्या मला म्हणाल्या. ‘निदान घरात खायला तरी राहू दे.’

पण एक हिशोब आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर निराशा नको. टोमॅटोत शंभरातले 94 भाग पाणी. एक किलो टोमॅटो चांगले कडक वाळवले, की हाती 60 ते 70 ग्रॅम लागतात. म्हणजे अख्खा क्रेट वाळवला तरी जेमतेम सव्वा किलो! तेव्हा भाव चढा असताना वाळवणाच्या फंदात पडूच नये. स्वस्ताई आणि ऊन एकत्र आले तरच हे काम.

आणि खरी मेख तिथेच आहे. नारायणगावकडचा उन्हाळी माल मेपासून सुरू होतो तो पावसाळ्यात चालतो. ऑगस्टमध्ये भाव पडले तर टोमॅटो आहे, पण ऊन कुठे आहे? दक्षिण इटलीत टोमॅटो अर्धे कापून, मीठ लावून, जुलै-ऑगस्टच्या उन्हात जाळ्यांवर वाळवतात. तिकडचा उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. परदेशी पुस्तकातली कृती वाचून तुम्ही जुलैत गच्चीवर गेलात तर टोमॅटो वाळायचे नाहीत, कुजतील! आपल्या देशावर त्याचा काळ मार्च ते मे. नाशिकच्या बाजूला मुख्य हंगाम पावसाळ्यानंतरचा, त्यामुळे तिकडच्या बायकांना ऑक्टोबरची उन्हे आणि थंडीतली कोरडी हवाही कामी येते.

वन्संची उन्हातली रीत अशी. टोमॅटो लांबट, जाड गराचे घ्यायचे. गोल गावठी टोमॅटो आंबटपणाला छान, पण नुसते पाणी आणि बिया. धुऊन, पुसून, अर्धे करून बोटाने बिया काढायच्या (त्या रसाचे सार होते, टाकू नका). मग प्रत्येक अर्ध्याच्या दोन-तीन फोडी करायच्या. किलोला दोन चमचे मीठ चोळून अर्धा तास चाळणीत निथळत ठेवायचे. त्या पाण्यातूनच एक दिवसाचे ऊन वाचते. नंतर बांबूच्या सुपात किंवा स्टीलच्या जाळीवर, साल खाली करून, एकमेकींना न चिकटता मांडायच्या, वर मलमलचे फडके. ॲल्युमिनियमचे ताट आणि खिडकीची जस्ताची जाळी दोन्ही वर्ज्य, टोमॅटोच्या आंबटपणाने धातू अन्नात उतरतो. संध्याकाळी सगळे घरात. रात्री बाहेर राहिले तर दिवसभर गेलेली ओल परत येते. एप्रिलच्या कडक उन्हात तीन-चार दिवस पुरतात, अर्धे टोमॅटो तसेच ठेवले तर आठवडाही लागतो.

खर्च काही नाही, पण धूळ, माश्या आणि शेजारचे मांजर! शिवाय रंग तांबूस-काळपट होतो. म्हणून वन्संच्या लेकाने आईला एक पेटी करून दिली. जुन्या फळ्यांची, आतून काळा रंग, वर तिरकी काच, तोंड दक्षिणेला. पुढच्या फळीला खाली भोके आणि मागच्या फळीला वर भोके, दोन्हीकडे बारीक जाळी. गरम हवा वरून निघते, कोरडी खालून आत येते. काही बायका भोके न ठेवताच पेटी करतात, मग आत नुसता घाम धरतो. या पेटीत दोन दिवसांत काम होते, रंग लालच राहतो आणि वळिवाचे चार थेंब आले तरी धावपळ नाही. त्या गच्चीवरून लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तारेच्या तबकड्या दिसतात. अशा 30 तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर रुंद. मला दर वेळी वाटते, केवढी ही सुपे, आणि त्यांवर वाळत काहीच नाही!

आता गच्ची नसलेल्यांचे काय? माझी जाऊ दादरला राहते. तिथे समुद्राची हवा, पापड ताटात काढून ठेवला तर जेवण होईतो सादळतो. तिथे उन्हाच्या नादी लागू नये. तिने ओव्हनमध्ये करून पाहिले. उष्णता 60 ते 70 अंश हवी, पण घरगुती ओव्हनचा काटा पुष्कळदा 100 च्या खाली येतच नाही. मग दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवायची, म्हणजे वाफही निघून जाते. आठ-दहा तास लागतात आणि मधून फोडी उलटाव्या लागतात. घाईने आच वाढवली तर वरची साल कडक होते, आत ओल कोंडते आणि महिन्याभरात बरणीत बुरशी. हल्ली वाळवणाची विजेची यंत्रे मिळतात, पंखा आणि मंद उष्णता एकत्र. त्यांत फोडी सर्वांत एकसारख्या वाळतात, हे मान्य. पण 500 वॅटचे यंत्र दहा तास चालले तर पाच युनिट वीज, आणि दोन-तीन किलो टोमॅटोचे हाती दीडशे-दोनशे ग्रॅम! थोड्या प्रमाणात, पावसाळ्यात, हौस असेल तर करावे. मायक्रोवेव्हमध्ये मात्र करू नका. त्यात टोमॅटो शिजतो, कडा करपतात, वाळत नाही.

माझे मत विचाराल तर देशावर पेटी आणि किनाऱ्यावर यंत्र. मोकळे ऊन वर्षातून एकदा, कुरडयांबरोबर. क जीवनसत्त्व कुठल्याही रीतीने बरेचसे जातेच, तेव्हा औषध म्हणून नव्हे, चवीसाठी हे करायचे.

वाळले की नाही ते कसे ओळखाल? गार झालेली फोड चामड्यासारखी वाकावी, पण दाबल्यावर ओल लागू नये. भुकटी करायची तर मोडून तुकडा पडावा. मग बरणी पाऊण भरून आठवडाभर ठेवा, रोज एकदा हलवा. काचेला आतून दव दिसले, की फोडी परत उन्हात. बुरशी दिसली तर तेवढीच फोड काढून बाकीच्या ठेवू नका, बरणीच रिकामी करा. नंतर घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, आणि दमट गावात असाल तर फ्रिजमध्येच.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. अर्धवट वाळलेले टोमॅटो लसणीबरोबर तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत बाहेरून आपल्याकडे आली आहे. दिसते सुंदर, पण तेलाखाली हवा पोचत नाही आणि बॉट्युलिझमच्या जंतूंना नेमके तेच हवे असते. वास येत नाही, चव बदलत नाही आणि माणूस दगावू शकतो. तेलात घालायचेच तर लहान वाटीभर करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

वन्सं असल्या भानगडीत पडत नाहीत. त्या फोडी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवतात, ते पाणी आमटीत, फोडी लसूण-तिखटाबरोबर खलबत्त्यात. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चटणी खायला मिळाली, की मी परतीची गाडी हमखास एक दिवस पुढे ढकलते. भुकटी मात्र पंधरा दिवसांपुरतीच दळा, फार लवकर गोळा होते.