घरातला वेब सर्व्हर

छत्रपती संभाजीनगर



साधी वेबसाइट आणि घरचे फोटो एवढेच ठेवायचे असतील, तर वेब सर्व्हरसाठी ऑफिसातून निघालेला मिनी पीसी पुरून उरतो. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी जेमतेम १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड असतो. इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर, तुरळक अपवाद सोडता, विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अशा मशीन सेकंड हँड बाजारात येतात. लिनक्सला त्यांचे वय आड येत नाही. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि डेस्कटॉपशिवायचे डेबियन एवढ्यावर काम भागते. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायचे नाव स्वस्त म्हणून झाले खरे, पण केस, अडॅप्टर, पंखा, एसएसडी जोडता जोडता ती स्वस्ताई फारशी उरत नाही.

मशीनवर वाचलेले पैसे विजेच्या बंदोबस्तावर घालावेत. विजेचा खर्च तसा किरकोळ आहे. निवांत चालणारा मिनी पीसी साधारण १० वॅट घेतो, म्हणजे महिन्याला सुमारे ७ युनिट. खरा प्रश्न लाइट जाण्याचा. इन्व्हर्टरवर बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो यूपीएसवर असला की लाइट गेली तरी मशीन सहसा बंद पडत नाही. फायबरचा डबा आणि राउटरही त्याच लाइनवर हवेत, नाहीतर सर्व्हर जागा आणि इंटरनेट झोपलेले. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती लावावी. इथे जुन्या मशीनची एक खोड आडवी येते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असला, तर वीज तुटताच घड्याळ आणि सेटिंग दोन्ही पुसली जातात आणि मशीन कोणीतरी कळ दाबण्याची वाट पाहत बसते. सेल पहिल्याच दिवशी बदलावा.

घरातल्या कोणीतरी बटण बंद करणे हा धोका लाइट जाण्याइतकाच मोठा. जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरवर, सर्नमधल्या टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट मशीनवरही, हे बंद करू नका अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती.

मे महिन्यात शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा किंवा बंद कपाट ही सर्व्हरची जागा नव्हे. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट एकदा बदलली की पुष्कळ फरक पडतो.

सर्वांत अडचणीचा भाग पत्त्याचा. अनेक ब्रॉडबँड कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. अपार्टमेंटचा पत्ता ठाऊक आहे, फ्लॅट नंबर मात्र नाही, अशी बाहेरून येणाऱ्याची गत होते. राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता दिसला तर हीच व्यवस्था आहे असे समजावे. मग पोर्ट फॉरवर्डिंगची कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणे हा सरळ मार्ग. आयपीव्ही६ मोफत मिळते, पण ते नसलेल्यांना साइट दिसत नाही. बजेट बेताचे असेल तर क्लाउडफ्लेअरचा टनेल बरा: जोडणी घरातून बाहेर जाते, राउटरवर एकही पोर्ट उघडावे लागत नाही. मात्र सगळी ये-जा त्या कंपनीच्या हातून होते, हे पत्करावे लागते.

डोमेन .इन घ्यावे; हौस असेल तर देवनागरी .भारत २०१४ पासून मिळते. थेट आयपी असेल तर राउटरवर ८० आणि ४४३ ही दोनच पोर्ट उघडावीत आणि लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र आपोआप नवे होईल असे बसवावे. मशीनवर लांबून लॉगिन करण्याचे एसएसएच घरातल्या घरात, किल्लीवर. पासवर्डचे लॉगिन बंद. एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून वर्डप्रेसचे लॉगिन पान मागणाऱ्या ओळी लवकरच दिसू लागतात, साइटवर वर्डप्रेस नसले तरी. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अपडेट मात्र चुकवू नयेत. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवावी.

साइट चालते की नाही हे घरच्या वायफायवरून ठरवू नये. मोबाइलचे वायफाय बंद करून सिमच्या डेटावर उघडून पाहावे, आणि एकदा मशीनची वायर काढून, पुन्हा लावून, कशालाही हात न लावता साइट परत येते का तेही पाहावे.

मामा